चित्रातील कुळवाडी

आमच्या बेळगाव-शहापूर मुलखातील जुन्या देवळांच्या आवारात दानलेखांच्या शिळा पुष्कळ आढळतात. सौंदत्तीचे रट्ट आणि गोव्याचे कदंब यांच्या अमदानीत देवस्थानास जमीन दिली की तो दानलेख दगडावर कोरून ठेवण्याची चाल होती. शिळेच्या माथ्यावर सूर्य आणि चंद्र, मध्ये शिवलिंग अगर जिनमूर्ती, शेजारी हात जोडलेला उपासक आणि एका अंगास वासराला पाजणारी गाय, अशी ही मांडणी भाविकांच्या नेहमीच्या पाहण्यातली आहे. खालच्या ओळींत दाता कोण, प्रतिग्रह घेणारा कोण, जमीन किती मत्तर, तिची चतुःसीमा काय, हे सर्व बारकाईने नमूद असते. देवाच्या दिव्याचे तेल आणि नैवेद्याचे तांदूळ ज्या जमिनीतून यावयाचे, तीवर औत धरणारा माणूस मात्र त्या शिल्पपटात बहुधा दिसत नाही. गाईला जागा मिळाली, तिच्या वासराला मिळाली. कुळवाड्यास मिळाली नाही.

पाथरवटास दोष देण्याचे कारण नाही. ज्याचे दान त्याची आठवण, हा त्या शिळेचा हेतूच होता. पण हा कुळवाडी चित्रात आला केव्हा, त्यास आणले कोणी, आणि त्याला इतका उशीर का लागावा, हे प्रश्न प्रस्तुत लेखकाच्या मनात बरीच वर्षे घोळत आहेत. त्यांचा शोध घेऊ लागले म्हणजे वाट शहापुराहून कोल्हापूर, मुंबई, औंध अशी फिरून पुन्हा बेळगावास येते, ही मौजेची गोष्ट आहे.

कहाण्यांत शेतकरी फार पूर्वीपासून आहे. नागपंचमीची कहाणी ऐकलेल्या प्रत्येकास नांगराच्या फाळाखाली सापडलेली नागाची पिल्ले ठाऊक आहेत. म्हणजे कानाने आम्ही त्यास ओळखत होतो. डोळ्यांपुढे त्याचे रूप नव्हते. लहानपणी आमच्या देवघराच्या भिंतीवर रविवर्म्याच्या छापखान्यातील लक्ष्मी होती. तो छापखाना १८९४ साली मुंबईस गिरगावात निघाला आणि पुढे लोणावळ्यानजीक मळवलीस गेला. त्या चित्रांनी देवांना माणसांची कांती दिली, वस्त्राला वजन दिले, दागिन्याला चकाकी दिली. घराघरांत खऱ्यासारखे चित्र पाहण्याची सवय त्यांनी लावली, हे त्यांचे मोठे ऋण आहे. परंतु त्या कमळाभोवतीच्या पाण्यात भाताची रोपे लावणारी बाई कोणी काढली नव्हती.

युरोपातही हा माणूस चित्रात सुखासुखी शिरला नाही. झां फ्रांस्वा मिले हा नॉर्मंडीतील शेतकऱ्याचा मुलगा. १८४९ पासून तो पॅरिसजवळच्या बार्बिझाँ गावी राहत असे. १८५७ सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्याने सरवा वेचणाऱ्या तीन बायांचे चित्र मांडले. कापणी होऊन गेल्यावर शेतात पडलेली कणसे वेचण्याची मुभा गरिबांना असे. आपल्याकडेही सरव्याची चाल आहेच. दोघी पार वाकलेल्या आहेत, तिसरी अर्धी उठलेली आहे. पाठीमागे दूर उन्हात धान्याच्या गंजी, भरलेल्या गाड्या आणि घोड्यावर बसलेला देखरेख करणारा इसम. मिलेने कोणालाही शिव्या दिलेल्या नाहीत. तरी पॅरिसच्या सुखवस्तू टीकाकारांना त्या तीन वाकलेल्या पाठींत बंडाची चाहूल लागली. गरिबाचे चित्र पूर्वीही निघत असे, पण ते लहान आकाराचे आणि गमतीचे. येथे गरिबास देवादिकांची भव्यता दिली होती, आणि तेच खटकले.

योगायोग असा की, त्याच १८५७ साली मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून कलाशाळा सुरू झाली. आमच्याकडील वास्तवदर्शी चित्रकलेची गंगोत्री तीच. समोर जे आहे ते तसेच काढावयाचे, प्रकाश कोठून येतो ते पाहावयाचे, हाडाची ठेवण ओळखून मग कातडी रंगवावयाची, ही शिस्त तेथे शिकविली गेली. लॉकवुड किपलिंग हे त्या शाळेचे शिक्षक. त्यांनी १८७० च्या सुमारास कारागीर आणि कष्टकरी यांची समोर बसून पेन्सिलीने रेखने केली. ती उत्तम आहेत. हाताची बोटे हत्याराभोवती कशी वळतात, हे त्यांनी प्रेमाने टिपले आहे. तथापि सरकारास त्या चित्रांचा उपयोग निराळा होता. या देशात कोणकोणत्या जातीचे आणि धंद्याचे लोक राहतात, याची जंत्री करण्याचा तो काळ होता; १८६८ ते १८७५ या अवधीत हिंदुस्थानातील लोकांच्या छायाचित्रांचे आठ खंड निघाले ते त्यासाठीच. अशा जंत्रीत 'एक कुणबी' असतो. त्या कुणब्याचे नाव, त्याचे कर्ज, त्याच्या घरी कोण आजारी आहे, या गोष्टी जंत्रीच्या रकान्यात मावत नाहीत.

महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्याविषयी लिहिताना लेखणी थोडी अडखळते, कारण त्यांच्यावर आमचे प्रेम आहे. १८६७ साली कोल्हापुरास जन्मलेला हा चित्रकार कलाशाळेत विद्यार्थी म्हणून गेला आणि तेथेच मोठ्या पदास चढला. त्यांचे 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे आत्मकथन १९४० साली निघाले. चित्रकलेत रस असणाऱ्या मराठी माणसाने ते अवश्य वाचावे. किंकेड साहेबांनी आपल्या व्रतकथा इंग्रजीत सांगितल्या, त्या १९१४ सालच्या पुस्तकास चित्रे धुरंधरांची आहेत. १९२० साली निघालेल्या रॉथफील्ड यांच्या हिंदी स्त्रियांवरील पुस्तकासही त्यांचीच. लुगड्याचा काष्टा, डोईवरचा पदर, कडेवरचे मूल, हाऱ्यावर रोवलेला हात, यांत धुरंधरांचा हात धरणारा दुसरा कोणी झाला नाही.

येथे शहापूरकरांस एक गोष्ट सुचल्यावाचून राहणार नाही. आपले गाव १९४८ पर्यंत सांगली संस्थानाचे; बेळगावास अगदी खेटून असूनही राज्य वेगळे. येथील पेठ विणकरांची आणि सोनारांची. शहापुरी लुगडी या मुलखात नावाजलेली. ज्याच्या घरात माग चालतो, तो माणूस चित्रातील लुगडे कसे पाहतो, हे एकदा अनुभवावे. आमच्या शेजारी एक वृद्ध विणकर असत. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पाणवठ्यावरच्या स्त्रीचे चित्र होते, ते त्यांनी बराच वेळ न्याहाळले आणि म्हणाले, "काठ रेशमाचा आहे, आणि बाई तर उपाशी दिसते. हे लुगडं तिचं नव्हे." कलाशाळेच्या परीक्षकाने जे सांगितले नसते, ते त्या म्हाताऱ्याने एका वाक्यात सांगितले. वस्त्राची घडी अचूक काढणे निराळे आणि ते वस्त्र अंगावर कसे आले हे जाणणे निराळे. धुरंधरांच्या पुष्कळ चित्रांत पहिली गोष्ट परिपूर्ण आहे. दुसरी क्वचित. त्यांच्या खेडवळ स्त्रिया प्रसन्न आहेत, सुदृढ आहेत. त्यांच्यावर अवर्षण कधी आलेलेच नाही.

अर्थात चित्र विकत कोण घेत होते, हेही पाहिले पाहिजे. तैलचित्र ही खर्चाची वस्तू. रंग परदेशाहून यावयाचे, कापड यावयाचे. घेणारा एक तर संस्थानिक, नाही तर साहेब, नाही तर शेठ. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ साली निघाली आणि तिच्या पदकांमुळे देशी चित्रकारांस नाव मिळू लागले हे खरे; पण पदक देणाऱ्यांची आवड ठरलेली होती. दिवाणखान्यात जे शोभेल ते काढावे, हा अलिखित करार. ज्या जमीनदाराच्या दिवाणखान्यात चित्र लावावयाचे, त्याच्याच कुळाची उपासमार त्यात कोण रंगविणार?

कोल्हापूरचे आबालाल रहिमान यांनी या करारातून वेगळी वाट काढली. शाहू महाराजांचा त्यांस आश्रय होता. रंकाळा, संध्यामठ, कोटितीर्थ ही त्यांनी पुनःपुन्हा रंगविली. पाण्यावरचा सकाळचा उजेड त्यांच्यासारखा आमच्या प्रदेशात कोणी पकडला नाही. महाराज १९२२ साली निवर्तल्यावर ते फकिरासारखे राहिले आणि १९३१ साली गेले. त्यांच्या चित्रांत माणूस आहे, पण लहानसा, झाडाच्या सावलीसारखा. भूमी मात्र संपूर्ण आहे.

आता एक आडवाट. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ साली जन्मलेला एक तरुण चित्रकार होण्यासाठी मुंबईच्या कलाशाळेत गेला. दोन वर्षांनी असे आढळून आले की, त्यास काही रंगांतील भेद नीट कळत नाही. चित्रकला सोडून तो यंत्रांची आरेखने शिकला. पुढे बेळगावास त्याने सायकलींचे दुकान घातले, कडबा कापण्याची यंत्रे केली, आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर ओतला. लक्ष्मणराव किर्लोस्करांची ही हकीकत सर्वांस ठाऊक आहे. लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज असल्यामुळे पहिला नांगर खपावयास दोन वर्षे लागली. शहर वाढले तेव्हा बेळगावातील जागा सोडावी लागली. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जागा आणि मदत दिली, आणि १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. ज्यास शेतकरी रंगविता आला नाही त्याने शेतकऱ्याच्या हाती औत दिले. या कामी त्यास आश्रय देणारा राजाही पुन्हा चित्रकारच. बाळासाहेब स्वतः चित्रे काढीत, कीर्तन करीत, आणि यमाईच्या डोंगरावर त्यांनी संग्रहालय उभारले, ते आजही पाहण्यासारखे आहे.

याच औंधात पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर राहावयास आले. वेदांचे भाष्यकार म्हणून मंदिरांच्या परिवारात त्यांचे नाव आदराने घेतले जाते. त्यांच्या ग्रंथांच्या प्रती कित्येक देवस्थानांच्या कपाटांत आहेत. पण ते मूळचे सावंतवाडीकडचे चित्रकार, कलाशाळेचे मेयो पदक मिळविलेले, हैदराबाद आणि लाहोर येथे चित्रशाळा चालविलेले, हे आता थोड्यांसच आठवते. त्यांचे चिरंजीव माधव सातवळेकर यांनी मुंबई आणि युरोप येथे शिक्षण घेऊन खेड्यातील जीवन सपाट, उजळ रंगांत मांडले. वडिलांच्या पिढीची छायाप्रकाशाची शिस्त त्यांनी जाणूनबुजून सोडली, आणि माणसे मात्र आपल्या भोवतालचीच ठेवली.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. कुळवाड्याचे दुःख आमच्याकडे प्रथम मोठ्या प्रमाणावर ज्या चित्रात उतरले, ते चित्र कापडावरचे नव्हते. ते पडद्यावर हलणारे होते, आणि काढणारा मात्र हाडाचा चित्रकारच होता.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री हे १८९० साली कोल्हापुरास कारागिरांच्या घराण्यात जन्मले. चुलतबंधू आनंदराव आणि ते, दोघेही नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. त्या पडद्यांतील राजमार्ग, अरण्य आणि दरबार पाहून प्रेक्षक टाळ्या देत. कलाशाळेचे शिक्षण नसताना या बंधूंनी तैलरंग, शिल्प, यंत्र असे सर्व आपल्या हाताने साधले. आनंदराव १९१६ साली वारले. बाबूराव पेंटर यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली 'सैरंध्री' दाखविला. लोकमान्यांनी त्याचे कौतुक केले. पौराणिक चित्रपटांची चलती असता १९२५ साली त्यांनी 'सावकारी पाश' काढला. कथा नारायण हरी आपट्यांची. पुढे ज्यांच्या कादंबरीवरून 'कुंकू' निघाला तेच हे आपटे. शेतकऱ्याची जमीन सावकार कागदाच्या कपटाने गिळतो आणि तो शेतकरी शहरात गिरणीमजूर होतो, एवढीच गोष्ट. शेतकऱ्याचे काम तरुण शांताराम वणकुद्रे यांनी केले.

ज्यांनी तो मूकपट पाहिला, त्यांच्या आठवणीत एक दृश्य पक्के बसले होते: अंधारातील एकाकी झोपडी आणि तिच्याजवळ रडणारे कुत्रे. चित्रपट मुका, आवाज कुठला? तरी पाहणारास ते रडणे ऐकू आल्यासारखे वाटे. काळोख कोठे किती ठेवावा, हे पडदे रंगविणाऱ्या हाताला कळत होते. एरवी पडद्यावर राजवाडे उभे करणाऱ्या माणसाने येथे एक कुडाची झोपडी उभी केली आणि तिला तितकाच मान दिला. मिलेने त्या तीन बायांना जो दिला, तोच हा मान.

या गोष्टीत अतिशयोक्ती नव्हती. दख्खनच्या शेतकऱ्यांनी १२ मे १८७५ रोजी सुपे येथे सावकारांची दुकाने गाठली होती आणि पुणे-नगर भागात ते लोण पसरले होते. त्यांचा रोख माणसांवर फारसा नव्हता, कागदांवर होता. गहाणखते आणि रोखे मागून घ्यावयाचे आणि जाळावयाचे. १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा झाला. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो १८८३ च्या सुमारास. कलाशाळेची प्रदर्शने त्याच काळात भरत होती. एकाही पदकविजेत्या चित्रात जळते गहाणखत दिसले, असे प्रस्तुत लेखकाच्या वाचनात नाही.

रोखे नष्ट करण्याची कल्पना आपल्या वारकऱ्यांस मुळीच नवी नाही. तुकोबांनी आपल्या वाट्याचे रोखे इंद्रायणीत बुडविले, ही परंपरागत कथा कीर्तनांतून आपण ऐकत आलो आहो. सावकाराच्या घरात जन्मलेल्या संताने केलेले ते काम. ती कथा ऐकून माना डोलावणाऱ्या श्रोत्यांत कर्ज घेणारे असत, तसे देणारेही असत. आणि आमच्या देवस्थानांच्या विश्वस्त मंडळींत दुसऱ्या वर्गाचे प्रमाण कमी नव्हते, हे लपविण्यात अर्थ नाही. देवाच्या जमिनीही कुळेच कसत.

'सावकारी पाश'ला पैसे देणारा कोण होता? दोन-चार आण्यांचे तिकीट काढून जमिनीवर बसणारा प्रेक्षक. त्यात गिरणीमजूर होते, आणि ते कालपर्यंतचे शेतकरीच होते. चित्राचा ग्राहक बदलला, तेव्हा चित्रातील माणूसही बदलला. कुळवाड्यास चित्रात येण्यास उशीर झाला त्याचे उत्तर, आमच्या मते, मुख्यतः येथे आहे. चित्रकारांची नजर कमी नव्हती. बाबूरावांनी स्वतः दत्तात्रेय, लक्ष्मी, सरस्वती रंगविल्या आहेत; 'जलवाहिनी'ही रंगविली आहे, आणि ती अत्यंत देखणी आहे. झोपडीचा काळोख मात्र त्यांनी कापडावर न उतरविता पडद्यासाठी राखून ठेवला.

त्यांच्या हाताखाली तयार झालेले दामले आणि फत्तेलाल हेही चित्रकलेतूनच आलेले. 'प्रभात'साठी त्यांनी १९३६ साली काढलेला 'संत तुकाराम' आपणा सर्वांच्या जिव्हाळ्याचा आहे. विष्णुपंत पागनिसांचा तन्मय चेहरा आठवत नाही असा भाविक विरळा. पण त्यातील खरे चित्रकाराचे काम गौरीबाईंच्या जिजाईत आहे. ती म्हैस ओढते, शेण सावरते, पोरांवर खेकसते. तिच्या लुगड्याला घामाचा आणि धुराचा रंग आहे. शेत राखणारा तुकाराम अभंगात रमतो आणि पीक उद्ध्वस्त होते, त्या प्रसंगी भक्तीच्या बाजूने मन जात असतानाच जिजाईच्या चुलीकडेही लक्ष जाते. चमत्कार दाखवूनही चूल विझू न देणारा संतपट आम्ही दुसरा पाहिला नाही. आमच्या त्या वृद्ध विणकरास जिजाईचे लुगडे निश्चित पटले असते.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन खानदेशातील फैजपूर या खेड्यात भरले. बारा वर्षांपूर्वी, १९२४ साली, ते महात्माजींच्या अध्यक्षतेखाली आमच्या बेळगावास टिळकवाडीत भरले होते, त्याच्या आठवणी सांगणारी वडील मंडळी आमच्या लहानपणी होती. फैजपुरास महात्माजींनी नंदलाल बोस यांस नगरीच्या सजावटीसाठी बोलाविले, आणि १९३८ साली हरिपुरास त्यांनी नांगरणारे, दळणारे, ढोल वाजविणारे यांची पटचित्रे काढली. ती वास्तववादी नव्हेत; त्यांची रेषा लोकचित्रांची आहे. तरी ज्यांची चित्रे त्यांनाच ती प्रथम दाखविली गेली, ही गोष्ट मोठी आहे.

आमच्या बेळगावात वास्तवदर्शी कलेचा दिवा चित्रकार के. बी. कुलकर्णी यांनी तेवत ठेवला. मुंबईचे मोठे चित्रकार नवनव्या वादांकडे वळले तेव्हाही त्यांनी समोरच्या माणसाकडे पाहण्याची शिस्त सोडली नाही. त्यांच्या 'चित्रमंदिरा'त शिकून किती मुले पुढे गेली! १९३५ साली बेळगावात जन्मलेले आणि २०२२ साली पुण्यास दिवंगत झालेले रवी परांजपे हे त्यांतलेच एक, आणि आपल्या गुरूंचे ऋण त्यांनी सदैव सांगितले. टिळकवाडीतील कलादालनास कुलकर्णी सरांचे नाव आहे. आमच्यासारख्या गावात चित्रकाराच्या नावाने वास्तू असावी, ही समाधानाची बाब.

एक विनंती करून हा लेख थांबवितो. 'सावकारी पाश' या मूकपटाची प्रत आज उपलब्ध नाही. त्या काळच्या फिती ज्वालाग्राही होत्या आणि फार थोड्या वाचल्या. जे गेले ते गेले. परंतु शहापूर, बेळगाव, निपाणी या भागांतील घरांत, मठांत आणि देवळांच्या सभामंडपांत जुन्या स्थानिक चित्रकारांची कामे अद्याप आहेत. काही समईच्या काजळीने काळवंडली आहेत, काही जीर्णोद्धाराच्या गडबडीत माळ्यावर गेली आहेत. त्यांत देवांची चित्रे अधिक असणार. पण एखाद्या उत्सवचित्राच्या कोपऱ्यात पालखीपुढे वाट मोकळी करणारा घोंगडीवाला असेल, एखाद्या अन्नकोटाच्या चित्रात भाताचे पोते उतरविणारा गडी असेल. विश्वस्त मंडळींनी चुना लावण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे घ्यावीत, चित्राच्या पाठीमागे चित्रकाराचे नाव आणि साल लिहिले आहे का ते पाहावे, आणि ओल्या फडक्याने चित्र पुसण्याचा मोह टाळावा. तैलरंग ओल्या फडक्याने उजळत नाही, निघून येतो.